बालवर्गातील सुगीचा सण

एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पंजाब व हरियाणातील गव्हाची शेते पिकून पिवळी होतात आणि बैसाखीचा सण येतो. १३ किंवा १४ एप्रिलला सूर्य मेष राशीत प्रवेश करतो तो हा दिवस. आपल्या मकरसंक्रांतीप्रमाणे हा सणही सूर्याच्या गतीवर बांधलेला असल्यामुळे त्याची तारीख दिवाळी-दसऱ्यासारखी मागेपुढे होत नाही. या दोन्ही राज्यांची राजधानी असलेल्या चंदीगडमध्ये या सुमारास बालवाड्या, अंगणवाड्या आणि शाळांचे शिशुवर्ग यांत मोठी लगबग सुरू होते. मुलांच्या डोक्यावर रंगीत पगड्या व मुलींच्या खांद्यावर फुलकारीच्या ओढण्या येतात. ढोलाच्या ठेक्यावर भांगड्याची दोनचार पावले बसवून घेतली जातात. पालक छायाचित्रे काढतात, खाऊ वाटला जातो आणि तासाभरात सण संपतो.

यात वाईट असे काही नाही. मुले नटतात, नाचतात, घरच्यांना कौतुक वाटते. परंतु वाचकहो, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या पदरात या तासाभरातून नेमके काय पडते, याचा आपण कधी विचार केला आहे काय? सुगी म्हणजे पेरलेले हाती येणे. ज्याने काही पेरले नाही, वाट पाहिली नाही, त्याला सुगीचा आनंद उसना आणून देता येत नाही. शहरातील मुलाला पोळी कशाची करतात असे विचारा. ते पिठाची म्हणून सांगेल. पीठ कोठून येते असे विचारले की दुकानाचे नाव येईल. त्याच्यापुरती गोष्ट तेथेच संपते. शेत, शेतकरी आणि पाच महिन्यांचा काळ हे तिन्ही त्या उत्तरातून गळलेले असतात. बालवर्गातील सुगीच्या सणाचे खरे काम कोणते असेल, तर हे गळलेले दुवे मुलाच्या हातात परत देण्याचे.

शेतांवर वसलेले शहर

चंदीगडच्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जवळची आहे. फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबाला नवी राजधानी हवी झाली. शिवालिकच्या पायथ्याची जागा निवडण्यात आली. २ एप्रिल १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले. ही जागा ओसाड माळ नव्हती. तेथे गावे होती, आंब्यांच्या राया होत्या, आणि रब्बीत गहू-हरभरा उभा राहात असे. राजधानीसाठी अनेक गावांच्या जमिनी गेल्या. बुडैल, अटावा यांसारखी काही गावे आज चौफेर सेक्टरांनी वेढलेली अशी शहराच्या पोटातच उरली आहेत.

ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब धरला आहे. सेक्टराच्या मधून हिरवळीचे पट्टे काढून शाळा व शिशुशाळा त्यांच्या कडेला ठेवाव्यात, म्हणजे लहान मुलाला वेगवान वाहनांचा रस्ता ओलांडावा न लागता पायी शाळेत जाता येईल, अशी ती योजना होती. लहान मुलाच्या पावलांचा एवढा विचार नगररचनेत क्वचितच होतो. तथापि हिरवळ म्हणजे शेत नव्हे. मुलाला हिरवळ दिसते, ती कापणारा माळी दिसतो. पण त्याच जमिनीने पूर्वी माणसांचे पोट भरले होते, हे त्याला कोणी दाखविल्यावाचून कळत नाही. ते दाखवावयाला एक लहानसा वाफा पुरतो.

मुलांना वाफा देण्याची कल्पना नवी नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शिशुशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले, तेव्हा ते केवळ रूपक नव्हते. तेथे मुलांना खरोखरच मातीचे वाफे नेमून दिलेले असत. मॉन्टेसोरीबाईंनीही लहान मुलांना झाडे लावावयास देण्याचा आग्रह धरला. पेरल्यापासून उगवेपर्यंत वाट पाहताना मुलामध्ये धीर आणि भरवसा हे दोन्ही गुण न सांगता येतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी करून दाखविले. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीस आल्या. वस्तीतील गरीब मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी या शब्दाचा उगम तेथला. महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे हीच साधने झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. तो चंदीगडच्या वस्त्यांतही पोहोचला. तेव्हा गव्हाच्या दाण्याला शिक्षणाचे साधन मानण्याची दृष्टी चंदीगडला परकी आणि आपल्याला नवी, असे मुळीच नाही.

आरंभ कार्तिकात

बैसाखी साजरी करावयाची तर तिची तयारी एप्रिलमध्ये नव्हे, नोव्हेंबरमध्ये सुरू झाली पाहिजे. त्या भागात ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गव्हाची पेरणी होते. दिवाळीची धामधूम आटोपली की शिक्षिकेने शाळेच्या उन्हाच्या बाजूला दोन मीटर लांब व एक मीटर रुंद एवढा वाफा खणून घ्यावा. जागा नसेल तर चारपाच मोठ्या कुंड्या किंवा रुंद तोंडाचे जुने डबे, तळाला भोके पाडून, चालतील.

एवढ्या वाफ्याला बी किती लागते? शेतकरी हेक्टरी सुमारे १०० किलो बियाणे वापरतो. त्या हिशेबाने आपल्या वाफ्याला अवघे २० ग्रॅम, म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या एका मुठीत मावतील एवढेच गहू पुरतात. ओळींमध्ये एका वितीचे अंतर असावे आणि दाणा दोन बोटे खोल जावा. मापाच्या या दोन्ही पट्ट्या मुलांच्या शिक्षिकेजवळ जन्मापासूनच आहेत! ओळ तिने काठीने आखून द्यावी. दाणे मुलांनी एकेक करून टाकावेत. कोणी एकाच जागी पाच टाकील, कोणी ओळीबाहेर टाकील. टाकू द्यावेत. जानेवारीत कोठे दाटी झाली व कोठे ओळ वाकडी गेली हे मुलांनाच दिसेल.

आठवड्याभरात हिरवी टोके वर येतात. येथून पुढे सर्वांत अवघड शिकवण म्हणजे काही न करणे. मुलांना रोज पाणी घालावेसे वाटते, आणि रोजच्या पाण्याने मुळे कुजतात. मातीत बोट घालून पाहावयाचे. ओली लागली तर पाणी नाही, कोरडी लागली तर झारीभर, हा नियम तीन वर्षांच्या मुलालाही समजतो. डिसेंबर-जानेवारीत तेथे धुके असते, शाळांना थंडीची सुट्टी असते. त्या गारठ्यात पिकाला पाणी फारसे लागत नाही, म्हणून सुट्टीतही वाफा तगून राहतो.

महिन्यातून एकदा मुलाने पिकाशेजारी उभे राहून उंची ताडून पाहावी. डिसेंबरात गहू घोट्याशी असतो, फेब्रुवारीत गुडघ्याच्या वर जातो, आणि मार्चमध्ये ओंब्या धरल्यावर चांगल्या जमिनीतला गहू एका मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चार वर्षांच्या मुलाएवढाच होतो. भिंतीवर सुतळीचे तुकडे चिकटवून ही वाढ मांडता येते. आकडे न शिकविताही अधिक-उणे, लांब-आखूड, आधी-नंतर या कल्पना तेथे रुजतात. मार्चमध्ये एखादी ओंबी चोळून हिरवा दाणा नखाने दाबून पाहावा. आतून दूध येते. आठ-दहा दिवसांनी तोच दाणा कणकेसारखा मऊ लागतो, आणि पुढे कडक होतो.

कणकेवरून आठवले. पंजाबी मुले गव्हाला ‘कणक’ म्हणतात आणि आपण भिजविलेल्या पिठाला कणीक म्हणतो. या दोन शब्दांचे नाते कानालाच जाणवते. चंदीगडच्या वर्गात एकाच दाण्याला कोणी कणक म्हणेल, कोणी गेहूँ म्हणेल, आणि एखादे मराठी मूल असेल तर ते गहू म्हणेल. शिक्षिकेने यांपैकी एकही शब्द चुकीचा ठरवू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पाया मानला, आणि त्याला धरून २०२२ मध्ये झालेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्याने खेळ व घरची भाषा या दोन गोष्टींवर भर दिला. त्या दोहोंना वाफ्याएवढी सोयीची जागा दुसरी नाही.

हा सण कोणाचा?

चंदीगडमध्ये नोकरीच्या निमित्ताने देशभरातील कुटुंबे राहतात. वस्त्यांतील अंगणवाड्यांत उत्तर प्रदेश व बिहारमधून मजुरीसाठी आलेल्यांची मुले पुष्कळ असतात. अशा वर्गात बैसाखी हा केवळ पंजाबी मुलांचा सण, आणि बाकीची मुले त्यांचे पाहुणे, असे होऊ देता कामा नये. यावर उपाय पंचांगातच आहे. सूर्याच्या याच संक्रमणाला भोजपुरी मुलखात सतुआन म्हणतात. नव्या हरभऱ्याचे सातू आणि कैरी खाण्याचा तो दिवस. आसामात तेव्हा बोहाग बिहू असतो, बंगालात पोइला बैशाख, केरळात विशू आणि तमिळनाडूत पुथांडू. मराठी घरी गुढीपाडवा नुकताच होऊन गेलेला असतो. शिक्षिकेने आयांना आधी एवढेच विचारावे, ‘या दिवशी तुमच्या गावी काय करतात? घरात काय शिजते?’ जिच्या घरून कधी काही मागविले गेले नाही, अशा आईने त्या दिवशी सातूचा लहानसा डबा आणला, तर तिच्या मुलाची मान वर्गात किती ताठ होते ते पाहण्यासारखे असते.

यात आणखी एक न्यायाचा मुद्दा आहे. पंजाबात आज बहुतेक गहू कंबाईन यंत्राने कापला जातो. मंडीत पोती उचलणारे, भरणारे, शिवणारे हात पुष्कळदा बाहेरगावच्या मजुरांचे असतात. शेतकरी म्हणून केवळ पगडीवाला, बैलजोडी हाकणारा, चित्रातला माणूस दाखविला की मुलांना अर्धीच गोष्ट कळते. यंत्र चालविणारा, पोते वाहणारा, गिरणीत पीठ करणारा आणि घरी पोळी लाटणारी आई या सर्वांची चित्रे एका ओळीत लावावीत. वर्गातील एखादे मूल त्यातले एक चित्र पाहून ‘हे तर आमचे बाबा’ म्हणाले, तर समजावे की सण त्याचाही झाला.

मग इतिहासाचे काय? १६९९ च्या बैसाखीला गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूर साहिब येथे खालसा पंथाची स्थापना केली, म्हणून शीख समाजाला हा दिवस अतिशय पवित्र आहे. मराठी वाचकांना ही परंपरा परकी नाही; गुरूंचे अखेरचे दिवस आपल्या नांदेडला गेले, आणि परंपरेनुसार पंज प्यारे म्हणून पुढे आलेल्या पाच जणांपैकी एक बिदरचे होते. याच दिवसाला १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेचीही आठवण जोडलेली आहे. पाच वर्षांच्या आतील मुलाला गोळीबाराची हकिकत सांगू नये. ती पेलण्याचे वय पुढे येते. मात्र गुरूच्या लंगरमध्ये लहानथोर सारे एका रांगेत बसून एकच अन्न जेवतात, एवढे त्याला सांगावे. त्या रांगेला पंजाबीतही ‘पंगत’च म्हणतात.

तीन दिवसांचा सण

बैसाखीला व तिच्या आगेमागे सुट्ट्या येतात, म्हणून आधीचे तीन दिवस धरावेत आणि रोज वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये. तेथे एप्रिलच्या मध्याला ऊन चांगलेच तापते. तेव्हा काम सकाळी व सावलीत करावे.

पहिल्या दिवशी कापणी. विळा फक्त शिक्षिकेच्या हाती असावा. मूल दोन्ही हातांनी मूठभर ताटे धरील, ती खालून कापील, मूल ती उचलून चादरीवर नेईल. गव्हाच्या ओंबीला कुसळे असतात, ती डोळ्यांत व घशात जाऊ नयेत म्हणून ओंब्या तोंडापासून दूर धरावयास शिकवावे. चारदोन ताटे पाखरांसाठी मुद्दाम उभी ठेवावीत.

दुसऱ्या दिवशी मळणी. वाळलेल्या ओंब्या जाड कापडी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि मुलांना तिच्यावर नाचू द्यावे. खळ्यावर पूर्वी बैल फिरत असत, ते काम येथे मुलांचे पाय करतात. भांगडा शिकवावयाचाच असेल तर तो येथे शिकवावा. पावलाखाली दाणा सुटतो आहे हे कळल्यावर त्या पावलाला अर्थ येतो. नंतर शिक्षिकेने सुपाने पाखडून दाखवावे. पंजाबीत सुपाला छज्ज म्हणतात. भुसा उडतो आणि जड दाणा मागे राहतो, हा चमत्कार मुले पुन्हापुन्हा पाहावयास मागतात. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला या वेळी वाऱ्याच्या उलट बाजूस, दूर बसवावे.

तिसऱ्या दिवशी दळण व पोळी. कोठून तरी लहान जाते मिळवावे; शिक्षिकेच्या हाताखाली दोन दोन मुलांनी खुंटा धरावा. वाफ्यातून किती गहू निघेल? पंजाबात चांगल्या शेतात चौरस मीटरला सुमारे अर्धा किलो उतारा पडतो. म्हणजे कसलेल्या शेतकऱ्याने आपल्या दोन चौरस मीटरांतून किलोभर, अर्थात तीसेक फुलक्यांपुरता गहू काढला असता. आपल्या मुलांच्या हाती त्याच्या निम्मा आला तरी पुष्कळ. कमी पडले तर घरचे पीठ त्यात मिसळावे, पण ते मुलांच्या देखत मिसळावे व तसे सांगावे. ‘आपले एवढे झाले, बाकीचे शेतकऱ्याने दिले,’ या वाक्यातच सुगीचा सगळा धडा येतो. तवा आणि अग्नी यांच्याजवळ मुले नसावीत; लाटण्यापर्यंत त्यांचा वाटा, भाजण्याचे काम मोठ्यांचे. मग एक पंगत बसवावी आणि तुकडा तुकडा का होईना, सर्वांना सारखी पोळी, गुळाचा चुरा आणि जिचे सातू आले असेल तिचे सातू वाढावेत.

खाऊबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. सुगीच्या सणात दाणे, हरभरे, लाह्या यांची रेलचेल असते. जानेवारीतील लोहडीला शेंगदाणे व रेवड्या वाटतात. आपल्याकडे संक्रांतीनंतर लहान मुलांना बोरन्हाण घालतात तेव्हाही हरभरे, बोरे, चुरमुरे डोक्यावरून ओततात. या वयात अखंड शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते, म्हणून पाच वर्षांखालील मुलांना ते कुटून लाडवातच द्यावेत. सुटे दाणे नाकात वा कानात घालण्याची या वयाची खोड सर्वपरिचित आहे. दाण्यांशी खेळ चालू असताना एक मोठे माणूस तेथून हलता कामा नये. काही मुलांना गव्हातील ग्लुटेन हे द्रव्य सोसत नाही, आणि गहू खाणाऱ्या उत्तर भारतात हा विकार अपरिचित नाही. तेव्हा पोळी देण्यापूर्वी प्रत्येक घरी विचारून घ्यावे; अशा मुलासाठी तांदळाची किंवा मक्याची भाकरी आधीच करून ठेवावी, म्हणजे ते पंगतीत वेगळे पडणार नाही.

जुनी मुले, नवी मुले

ही सर्व योजना ऐकून चंदीगडची कोणतीही शिक्षिका एक अडचण तत्काळ काढील. तेथे शाळेचे वर्ष १ एप्रिलला बदलते. नोव्हेंबरात ज्यांनी पेरले ती मुले बैसाखीच्या आधीच पुढच्या वर्गात गेलेली असतात, आणि पिकलेल्या वाफ्यासमोर जी मुले उभी असतात ती शाळेत येऊन पंधरा दिवसही झालेले नसतात. त्यांतली निम्मी तर आईचा पदर सुटला म्हणून अजून रडत असतात. पेरणाऱ्याला कापणी नाही, आणि कापणाऱ्याने पेरलेले नाही!

परंतु नीट पाहिले तर या सणाची खरी संधी या अडचणीतच आहे. पुढच्या वर्गात गेलेल्या मुलांना या तीन दिवसांपुरते बोलावून घ्यावे. प्रत्येक जुन्या मुलाकडे एक नवे मूल सोपवावे. जुन्याने नव्याला हात धरून वाफ्यापाशी न्यावे, आपण कोठे दाणा टाकला होता ते दाखवावे, ओळ कोठे वाकडी गेली तेही सांगावे. कापताना दोघांनी मिळून मूठ धरावी, पंगतीत शेजारी बसावे. पाच वर्षांचे मूल आयुष्यात प्रथमच कोणाचे तरी वडीलधारे होते, आणि तीन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला त्या परक्या इमारतीत एक ओळखीचा हात मिळतो. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले एकत्रच असतात, तेथे तर हे आपोआप साधते.

शेतातही असेच चालते. ज्यांनी त्या जमिनीत पूर्वी नांगर धरले त्यांची नावे आज कोणी घेत नाही, पण त्यांनी राखलेले बी पिढ्यान् पिढ्या पुढे गेले म्हणून आपण जेवतो. मोठ्यांना हे भाषणातून सांगावे लागते. मुलांना ते एका ओंजळीतून देता येते. दळणाआधी त्या गव्हातून दोन मुठी बाजूला काढाव्यात. प्रत्येक जुन्या मुलाने आपल्या सोबत्याच्या तळहातावर चार दाणे ठेवावेत आणि नव्या मुलाने ते काचेच्या बरणीत टाकावेत.

ती बरणी भरण्यापूर्वी दाणे दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यावेत, झाकण घट्ट लावावे आणि बरणी मुलांना दिसेल पण हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. पावसाळ्यात एकदा उघडून कीड नाही ना ते पाहावे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे अशा वाचकांनी शाळेची वाट पाहण्याचेही कारण नाही. गॅलरीतील एका कुंडीत वीस दाणे पेरले तरी भागेल. महाराष्ट्रात असाल तर गव्हाऐवजी आपल्या भागातील रब्बीचे पीक घ्या: कोठे शाळू, कोठे हरभरा. जागा, पीक आणि सणाचे नाव बदलेल. दिवाळी झाली की मुलाच्या मुठीत बी द्यावयाचे, एवढे मात्र विसरू नये.